सात हात आणि एक लाँच

माझ्या धाकट्या बहिणीला, शेवंताला, जुळ्या नाती झाल्या ते साल २०४३. बारशाला निम्मी माणसे पोहोचलीच नाहीत, कारण त्याच आठवड्यात आमची लाँच बंद झाली. आमचे कुंभरोळे गाव धरणाच्या फुगवट्यापलीकडे. लाँचने शाळा वीस मिनिटांवर. डोंगराला वळसा घालून चालत गेले, तर चार तास. माझी नात निशिगंधा सातवीत होती. ती घरी बसली.

लाँच बंद करण्याचा ठराव सात गावांच्या जलाशय परिषदेने हात वर करून केला होता. वीस तारखेला फेरमतदान होते. तेव्हाही हरलो, तर लाँच भंगारात जाणार होती. आणि कोडे असे, की परिषदेचे सातही सभासद आपापल्या गावात सांगत होते, "मी तर लाँचच्याच बाजूने हात वर केला."

"आजोबा, सातही हात लाँचच्या बाजूने, मग ती बंद कोणी केली? माशांनी?" निशीने विचारले.

मी तिला शेजारच्या कुसुमताई भोईट्यांकडे नेले. त्या संगणकशास्त्रज्ञ, निवृत्त होऊन गावात राहायला आल्या होत्या. सोबत टिप्या, जेवणाच्या डब्याएवढा वाचणारा यंत्रमानव.

"कोणी कुठे मत दिलं ते परिषद लिहून ठेवते," कुसुमताई म्हणाल्या. "तो खुला डेटा (कोणालाही फुकट पाहता आणि वापरता येईल अशी सरकारी माहिती) आहे."

"मग कोणी बघितलं का नाही?"

त्यांनी पडद्यावर आठशे चाळीस पाने उघडली. कागदांची नुसती छायाचित्रे, त्यातली काही उलटी. मी अक्षरे शिकलो ती एक्कावन्नाव्या वर्षी. माझा तर धीरच सुटला.

"भात घरात आहे," कुसुमताई निशीला म्हणाल्या, "पण भरडल्याशिवाय शिजवणार कसं? भरडायचं काम टिप्याचं. शिजवायचं तू."

टिप्याने पाने वाचून तक्ता केला. तारीख, विषय, सभासद, मत. अशी माहिती यंत्रवाचनीय (यंत्राला रकाने ओळखून शोधता आणि मोजता येईल अशी) होते. त्यावरून निशीने वेबसाइट बांधली. गावाचे नाव दाबले, की तिथल्या सभासदाचे मत दिसे. कुसुमताईंची अट एकच होती, "आजोबांना एका दमात वाचता आलं, तर पान पास."

मी वाचले. लाँच ठेवा, दोन. बंद करा, चार. गैरहजर, एक. कोडे सुटले! आणि आमच्याच गावचे संजय गणपत शेलार 'बंद करा'मध्ये होते.

दोन दिवसांनी शेलार दारात उभे.

"कुठाय ती वेबसाइटवाली बाई?"

"मीच, काका," निशी दाराआडून म्हणाली.

"तू? अगं, तुमच्या शाळेसाठीच तर मी भांडलो! आता पोरं माझ्या अंगणात 'हात खाली, हात खाली' ओरडतात. बायको सरळ बोलत नाही."

"पण नोंदीत तसंच आहे!"

"टिप्या, मूळ पान काढ," कुसुमताई म्हणाल्या.

पानावर 'सं. शेलार' दोनदा होते. एक आमचे, दुसरे दावरे गावचे संजय धोंडीराम शेलार. एक मत ठेवा, एक बंद करा. नावांपुढे सभासद क्रमांक होते, ३ आणि ६. आमच्या शेलारांचा क्रमांक ३, आणि ३ पुढे 'ठेवा' होते.

"तो रकाना मी काढून टाकला," निशी पुटपुटली. "नुसते आकडे होते. पान भरल्यासारखं दिसत होतं. मग कोणतं मत कोणाचं, ते मी अंदाजाने लिहिलं."

"मी विचारलं होतं," टिप्या म्हणाला. "तू 'पुस' म्हणालीस."

"गप रे!"

कुसुमताई रागावल्या नाहीत. "नावं सारखी असू शकतात. म्हणून ओळख-क्रमांक (एकाला दिला की दुसऱ्याला न मिळणारा क्रमांक) कधी काढून टाकायचा नाही. आणि प्रत्येक मताशेजारी दुवा (दाबल्यावर मूळ कागदावर नेणारी वाट) द्यायचा. आपलं चुकलं, तर वाचणाऱ्याला ते पकडता आलं पाहिजे."

निशीचे डोळे भरले. "मी पानच काढून टाकते."

"खबरदार!" शेलार म्हणाले. "काढलंस तर लोक म्हणतील, शेलारांनी दाबलं. दुरुस्त कर. चूक झाली होती तेही लिही. मोठ्या अक्षरात."

निशीने पानाच्या माथ्यावर लिहिले : 'संजय गणपत शेलार यांचे मत आम्ही चुकीचे दाखवले होते. त्यांनी लाँच ठेवा असे मत दिले.'

वीस तारखेला सातही गावे मोबाइलवर ते पान उघडून बसली. या वेळी पाच हात लाँचच्या बाजूने वर आले. दावऱ्याच्या शेलारांनी तर हात इतका उंच केला, की खुर्ची मागे सरकली. सोमवारी निशी शाळेत गेली.

पुढे तिने पानाची सगळी घडण सर्वांना फुकट देऊन टाकली. आज एकतीस परिषदांच्या गावांत मुले ती वापरतात, आणि ओळख-क्रमांकाचा रकाना कोणी काढत नाही. दुरुस्तीची ओळ आमच्या पानावर अजून आहे. शेलार ती पाहुण्यांना दाखवतात.

लाँच एरवी दिवसाला चार फेऱ्या करते. ९ जानेवारी २०५२ रोजी माणसे आणता आणता तिने नऊ केल्या. त्या दिवशी पहाटे कुसुमताई भोईटे वारल्या.