सात नंबरची किल्ली

मेणबत्ती नको लावूस, येईल वीज इतक्यात. आणि बाई, ती बॅग भरणं जरा थांबव. भाच्या, तूही बस इथे बहिणीजवळ. परवा परदेशी शिकायला निघालीस, तर एवढं ऐकून जा. तुझ्या सुतारमामाने जन्मभर दारं केली, म्हणून गोष्टही दाराचीच. घडलेली.

मागच्या जानेवारीची नऊ तारीख, गुरुवार. संध्याकाळी आर्किटेक्ट साहेबांचा फोन आला. "मामा, दार अडतंय. आज रात्री ते अडून चालणार नाही." रंधा घेतला आणि गेलो. त्यांच्या घराचं ते दार मीच केलेलं. फक्त कडी त्यांनी बसवू दिली नव्हती. तेव्हा मी म्हटलंही होतं, "चोरांसाठी चहासुद्धा ठेवणार का साहेब?" ते हसले नव्हते.

दार खरंच फुगलं होतं. कोरड्या थंडीत लाकूड आक्रसतं, फुगत नाही. हे खालून हातभर ओलं होतं. बाहेरची पायरी मात्र ठणठणीत कोरडी.

तासता तासता विचारलं, "आजच एवढं काय?" तेव्हा ते बोलले.

तेरा वर्षांपूर्वी साहेब तिकडे परदेशी शिकत होते, जुन्या इमारतींचा अभ्यास. सुट्टी पडली की ते आणि त्यांचा मित्र जुनी शहरं बघत हिंडायचे. मित्राच्या कानावर सदा पेन्सिल, म्हणून नाव पडलं पेन्सिल्या. आईचा एकुलता एक. निघताना तिने साहेबांना बजावलं होतं, "त्याचं लक्ष नसतं रे कुठे. तू सांभाळ."

एका तटबंदीच्या शहरात दोघं जुनाट लॉजवर उतरले. कडाक्याच्या थंडीत तिथे तिसरं कुणी नव्हतं. तिथली पद्धत अशी की बाहेर जाताना आपली किल्ली दाराजवळच्या फळीवर टांगायची आणि परतल्यावर काढून घ्यायची. फळी रिकामी दिसली की सगळे आत आले असं धरून म्हातारा रखवालदार मोठं दार लावायचा आणि मागच्या वाटेने आपल्या घरी जायचा.

त्या रात्री पेन्सिल्या वहीत वेशीची कमान काढत बसला. बर्फ पडायला लागलेलं. साहेब वैतागले, "चल ना रे, बोटं गळून पडतील तुझी."

"तू हो पुढे. माझीही किल्ली काढून ठेव. उशीर झाला की म्हातारा कसा वसकन अंगावर येतो, बघितलंस ना? आलोच मी."

मित्राचं काम परस्पर उरकून टाकायचं, ही आपली सवयच. साहेबांनी दोन्ही किल्ल्या काढल्या. आठ नंबरची स्वतःची, सात नंबरची त्याची.

फळी रिकामी. दार बंद.

अकरा चाळीसला खाली थाप पडली. पेन्सिल्याचा फोन खोलीत चार्जिंगला. साहेब जागे होते. मनात आलं, थांबू दे जरा, अद्दल घडेल. दुसरी थाप पडली, तेव्हा कूस बदलली. तिसरीला... डोळा लागला.

सकाळी पेन्सिल्या पायरीवर सापडला. मांडीवर वही. बोटांची सालं गेलेली.

"दर वर्षी याच रात्री तो इथे येतो, मामा," साहेब म्हणाले. "मी धावत येईपर्यंत गेलेला असतो. यंदा मी दाराशीच बसणार. त्याला आत घ्यायचंय."

काय म्हणालास रे भाच्या? भुताला व्हिसा लागत नाही वाटतं? हस. मीही मनात हसलोच होतो.

त्यांनी बसायला सांगितलं, बसलो. दार आता एका बोटाने उघडेल असं झालं होतं. साहेबांचा हात मुठीवर.

अकरा चाळीस.

थाप.

हलकी. बधिर झालेल्या हाताची.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. दार ओढलं नाही.

दुसरी.

"साहेब... उघडा..." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. उंबरठ्यावरून गारवा आत आला. पायांवर. मध्ये फक्त दार. मी केलेलं. बिनकडीचं.

तिसरी...

मग काही नाही. बराच वेळ... काही नाही.

साहेब मटकन खाली बसले. "त्याची आई अजून विचारते, तू झोपला होतास ना रे बाळा? मी हो म्हणतो."

आणि मी? दारापासून दोन हातांवर होतो. मीही उठलो नाही. जन्मभर दारं केली, आणि एक उघडलं नाही.

म्हणून सांगतो, बाई. तिकडे कुणावर तरी रागावशील. रागाव खुशाल. पण आधी दार उघड, मग रागाव.

त्या रात्री घरी येऊन अवजारांची पेटी उघडली. रंध्याखाली एक किल्ली. तिला लाकडी बिल्ला, त्यावर सात. साहेबांनी ती तेरा वर्षांपूर्वी तिकडेच रखवालदाराच्या हातात परत दिली होती, स्वतःच्या हाताने. पन्नास वर्षं लाकूड हाताळतोय मी. हे कुठलं, ते ओळखता आलं नाही.

ही घे. घाबरू नकोस. वर्षभर उन्हात ठेवली, गॅसपाशी ठेवली...

हात लावून बघ. ओलीच आहे ना?