डाव्या हाताचा घास

सासूबाईंनी चमचा स्वतःच्या डाव्या हातात धरला, थरथरत तोंडाशी नेला आणि सूप न सांडता गिळलंसुद्धा… समोर बसलेल्या थोरल्या सुनेच्या काळजात काहीतरी चर्रकन कापलं गेलं. शेजारी उभी असलेली परिचारिका म्हणाली, "आजी, उद्यापासून मलाच भरवाल तुम्ही." आणि सासूबाई हसल्या. तोंडाची एकच बाजू हलायची त्यांची, पण त्या अर्ध्या हसण्यात केवढी तृप्ती होती! असं हसू आपल्या वाट्याला कधी आलं होतं का, हे थोरली आठवू लागली, आणि तिला काही आठवेना.

अर्धांगवायूनं सासूबाईंची उजवी बाजू गेली, डाव्या हातातही बळ उरलं नाही, तेव्हापासून त्यांच्या पोटात गेलेला प्रत्येक घास थोरलीनं भरवलेला होता. तिचं माहेरी जाणं सुटलं, शिवणाचा क्लास बंद पडला. देवानं मूल दिलं नाही, त्याच्या जागी ही सेवा दिली, असं मानून तिनं ती व्रतासारखी पाळली होती. आता तिच्याच मणक्यानं दगा दिला, डॉक्टरांनी वाकणं-उचलणं बंद केलं आणि सासूबाईंसाठी शुश्रूषागृह शोधायची वेळ आली. सासूबाईंचे दोघे मुलगे "तुम्ही जावाजावा ठरवा" म्हणून नामानिराळे झाले.

जवळपास दोनच जागा होत्या. एक पुलाजवळची, दुसरी ही टेकडीवरची. ज्यांची माणसं तिथे राहिली आहेत त्यांना विचारून ये, असं परगावी नोकरी करणाऱ्या धाकट्या जावेनं फोनवर सुचवलं होतं, आणि थोरली घरोघर फिरली होती. अनुभव मात्र बारा घरचे बारा! टेकडीवर शिंप्याच्या आईच्या पाठीला जखम झाली, ती कितीतरी दिवस कुणाला दिसलीच नाही; पण बँकेतल्या कारकुनाची आत्या तिथेच पुन्हा चालू लागली. पुलाजवळ औषधं वेळेवर, बाकी दिवसभर भिंतीकडे तोंड… पण तिथे घरच्यांना रोज येऊन भरवता येत होतं. जिव्हारी लागलं ते मास्तरांच्या सुनेचं बोलणं. तिची सासू टेकडीवर इतकी रमली होती, की भेटायला गेलं तर म्हणायची, थांब गं, आधी पत्त्यांचा डाव संपू दे. ती हे हसत हसत सांगत होती, आणि थोरली चहा अर्धाच टाकून उठली.

म्हणून धाकटीला तिनं शिंप्याच्या आईची जखम तेवढी सांगितली. आत्याचं चालणं आणि पत्त्यांचा डाव मनातच ठेवला. मी खोटं तर बोलले नाही, असं तिनं देवापुढे हात जोडून म्हटलं होतं.

पण धाकटी सुट्टी काढून आली आणि एक दिवस ठेवून तरी पाहू, म्हणून सासूबाईंना इथे घेऊन आली. नेहमीचंच होतं ते… राबायचं एकीनं, मिरवायचं दुसरीनं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सासूबाई धाकटीच्या फोनचं कौतुक ऐकवत. थोरलीच्या वाट्याला काय, तर सूप अळणी झालंय!

परिचारिका भांडी घेऊन गेली, तशी थोरली उठली. इथे नको, पुलाजवळचंच बरं, म्हणाली.

"अहो ताई, आई स्वतःच्या हातानं जेवल्या," धाकटी म्हणाली. "मग आता काय अडलं?"

"शिंप्याच्या आईचं सांगितलं ना तुला."

"आणि बाकीचे काय म्हणाले?"

थोरलीनं सासूबाईंच्या खांद्यावरचा पदर सारखा केला. "चांगलं म्हणाले. फार चांगलं म्हणाले… म्हणूनच नको. त्या इथे रमल्या, तर मी कोण त्यांची?"

तेवढ्यात सासूबाईंच्या डाव्या हातानं थोरलीचं मनगट धरलं. त्या पकडीत केवढं बळ होतं!

"हात… घरीही चालायचा," त्या म्हणाल्या.

मग जड जिभेनं, अडखळत, त्यांनी सांगितलं. आजारपणाच्या पहिल्या वर्षीच डाव्या हाताच्या बोटांत परत जीव आला होता. खोलीत कुणी नसताना त्यांनी वाटी उचलूनही पाहिली होती. पण थोरली भरवायला बसली की तिच्या कोमेजलेल्या चेहऱ्यावर जो उजेड यायचा, तो त्या घरात दुसऱ्या कशानं आलेला त्यांनी पाहिला नव्हता. म्हणून त्यांनी हात पांघरुणाखाली घेतला… आणि तिथेच राहू दिला.

"तुझं सुख… मी काढून घेऊ?"

थोरलीला हुंदका आवरेना. ज्या सेवेला आपण इतकी वर्षं त्याग समजत होतो, ती तर या म्हातारीनं मुकाट्यानं घातलेली भीक होती… नाही, भीक कसली? माया होती.

"आणि कौतुक… पाहुण्यांचं करतात," सासूबाई पुटपुटल्या. "चिडायचं… लेकीवर."

"म्हणजे मी पाहुणीच ना," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "बरोबर आहे. मी चमचा उचलला की ताई काढून घ्यायच्या. किती जळायचे मी तुमच्यावर, ताई!"

थोरलीनं तिला जवळ घेतलं. दोघींच्या मधे सासूबाईंचा हात तसाच राहिला.

टेकडीवरचंच ठरलं. निघताना थोरली परिचारिकेपाशी थांबली. त्यांची पाठ रोज उजेडात बघा, असं तिनं बजावलं. कुशीवर वळवताना आधी खांद्याला आधार द्या. दुखलं तरी त्या सांगायच्या नाहीत, नुसते डोळे मिटून घेतात… एकेक सांगताना तिला वाटत होतं, आपलं असं उरलेलं सगळं आपण हिच्या ओंजळीत टाकतो आहोत. परिचारिका मन लावून ऐकत होती.

सांगण्यासारखं सगळं सांगून झालं. थोरली दारापर्यंत गेली, घुटमळली, आणि परत आली.

"आणि त्यांना हसवत जा," ती म्हणाली. "तुम्हाला जमतं ते."