मालडब्यावरचा डाग

लेलँड ह्रुस्काच्या पत्राला आल्डेनने उत्तर दिलं नव्हतं. काय लिहावं हेच त्याला कळत नव्हतं.

‘क्लबने मला खोटारडा ठरवून काढून टाकलं. तू मान खाली घालून बसला होतास. तुलाही तसंच वाटतं का? कंबरेच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होतो, तेव्हा मी बनवलेला छोटा मालडबा माझ्या टेबलावरून नाहीसा झाला आणि क्लेटनच्या नावावर राज्य स्पर्धेचं बक्षीस घेऊन आला. बाबांनी काढलेला फोटो सोबत पाठवतोय. हा मी कधी कुणाला दाखवलेला नाही, पण डबा यावरूनच केला. दाराजवळचा डांबराचा डागसुद्धा सोडला नाही. तुझं उत्तर आलं नाही, तर महिनाअखेर उरलेले डबे विकून टाकीन.’

लेलँड, क्लेटन आणि आल्डेन या तिघांनी मिळून आगगाड्यांच्या छोट्या प्रतिकृतींचा हा क्लब काढला होता. आता त्या दोघांपैकी एक खोटं बोलत होता. निवृत्त ग्रंथपाल आल्डेनला तर स्वतःच्या डोळ्यांचीही खात्री नसायची. त्याने भिंगाखाली फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. मग तो क्लबात गेला.

क्लेटन बेक रूळ पुसत होता. काचेच्या कपाटात तो डबा होता. तळहाताएवढा, तपकिरी. एकेकाळी आयोवातला मका वाहणाऱ्या खऱ्या लाकडी डब्याची हुबेहूब नक्कल. दाराजवळ काळपट डाग. खालच्या कडेपासून वर चढलेला, वर निमुळता, दोन्ही बाजूंना एकेक कोपरा.

“कशावरून केलास?” आल्डेनने विचारलं.

“खऱ्या डब्यावरून. व्हर्नाच्या शेतावर ज्यात कोंबड्या राहतात ना, तोच. फूटपट्टी घेऊन गुडघे झिजवले तिथे गेल्या उन्हाळ्यात.”

“फोटो नव्हता?”

“फोटो लेलँडसारख्यांना लागतात.”

“आणि हा डाग?”

“डांबर. नखाने खरवडून पाहिलं मी, निघत नाही.” क्लेटन हसला. “पोलिसात भरती झालास की काय, म्हाताऱ्या?”

“नाही रे. मला एकदा दाखवशील?”

“चल की! आत्ताच.”

शेतावर व्हर्नाने दुरूनच हात हलवला. “बघा हवं तेवढं! पण दार ओढून घ्या, नाहीतर कोंबड्या तुमच्या गाडीत बसून गावात येतील.”

चाकं काढलेला डबा विटांवर उभा होता. फळीवर पुसट आकडा होता. फोटोतलाच. क्लेटन दाराजवळ वाकला. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. मग हाताने फळ्या चाचपल्या.

“डाग उन्हापावसाने गेला असेल.”

“नखानेही न निघणारं डांबर? एका हिवाळ्यात?”

क्लेटन पुन्हा फळ्या चाचपू लागला.

सूर्य खाली आला होता. आल्डेन सूर्याकडे पाठ करून उभा राहिला आणि कॅमेरा धरावा तसे दोन्ही हात डोळ्यांपाशी नेले. समोरच्या फळ्यांवर त्याची सावली चढली. वर निमुळती, कोपरं बाहेर आलेली.

“डांबर वरून खाली ओघळतं, क्लेटन. हा डाग खालून वर जातो. फोटोत तर तो जमिनीवरच्या खडीपासूनच सुरू होतो.” “ही लेलँडच्या वडिलांची सावली आहे. खरा डबा मोजणाऱ्याला ती दिसलीच नसती. हा फोटो ज्याच्याकडे होता, त्यानेच ती डाग समजून रंगवली.”

“मी…”

“तू मात्र तो डाग इथे असणारच म्हणून बिनधास्त आलास. का? लेलँडच्या कामात चूक नसते, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?”

क्लेटन खुराड्याला टेकला. “माझे हात थरथरतात रे आता. वर्षभरात एक डबा धड झाला नाही. आणि तो तिथे तयार पडला होता.”

“झाडांना पाणी घालायला घराची किल्ली दिली होती त्याने तुला. आणि त्याला काढण्यासाठी पहिला हात तूच वर केलास.”

“क्लबात सांगणार आहेस?”

“तू सांगशील. येत्या बैठकीत. नाही सांगितलंस, तर मी बोलेन.”



घरी येऊन आल्डेनने तीन कागद फाडले. चौथा ठेवला.

‘लेलँड, डबे विकू नकोस. क्लेटनने माझ्यापाशी कबूल केलं आहे, क्लबातही करेल. मला याचा आनंद होत नाही. तुझ्या कामात एक चूक सापडली. तो डाग डांबराचा नाही. तुझे बाबा कॅमेरा धरून उभे आहेत. पुसू नकोस.’

फोटो पाकिटात घालून तो कोपऱ्यावरच्या निळ्या टपालपेटीपर्यंत चालत गेला. पत्र टाकलं. मग झाकण पुन्हा उघडून पाहिलं. पाकीट आत पडलं होतं.