कावीळच सांगा

"बाई, माझ्या आईच्या किडन्यांमध्ये कौतुक करण्यासारखं काहीच नाही का हो?"

मी मान वर केली. काचेपलीकडे एक उंच माणूस उभा होता. बोटांच्या पेरांत काळं वार्निश बसलेलं, हातात आमच्याच सेंटरचा रिपोर्ट, आणि चेहऱ्यावर... खरंच, दुखावल्याचा भाव!

"असं कोण म्हणालं?"

"तुमचा रिपोर्टच म्हणतो. अनरिमार्केबल. दोन्ही किडन्या! मी डिक्शनरीत बघितलं. उल्लेख करण्याजोगं नसलेलं."

मला हसू आवरेना. आठ वर्षं मी या स्कॅन सेंटरच्या तळघरात रिपोर्ट टाइप करत होते आणि तीन नंबरच्या खिडकीतून लोकांच्या हाती देत होते. हा शब्द कुणी असा मनाला लावून घेतलेला पहिल्यांदाच बघत होते. माझ्या मागच्या भिंतीवर पाटी होती, रिपोर्टचा अर्थ आपल्या डॉक्टरांनाच विचारावा म्हणून. पण मी बोलून गेले.

"अहो, डॉक्टरांच्या भाषेत ही शाबासकी आहे. नजरेत भरण्यासारखं वावगं काही दिसलं नाही, म्हणजे सगळं ठीक."

"असं होय!" तो मोकळं हसला. मग त्याचं बोट कागदावरून खाली सरकलं. "आणि इथं? या ओळीत तो शब्द नाही."

ती ओळ मीच सकाळी टाइप केली होती. टाइप करताना कधी नव्हे ती माझी दोन अक्षरं चुकली होती.

"हे... डॉक्टरांनाच विचारा."

त्यानं ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाला, "म्हणजे इथं शाबासकी नाही." आणि कागदाची नीट घडी घालून निघून गेला.

चार दिवसांनी मी काम संपवून वर आले, तर जिन्याच्या तोंडाशी तो उभा. बाहेर पाऊस भुरभुरत होता. त्याच्या हातात एक चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीवर शब्दांची यादी.

"डॉक्टर सगळं सांगतात हो. पण त्यांचं सांगून होतं आणि माझं विचारायचं राहून जातं. मी पंपाच्या मोटारी वाइंड करतो, जळलेली तार काढून नवी गुंडाळतो. जळकी मोटार समोर ठेवा, कुठं काय बिघडलंय ते सांगतो. आईच्या बाबतीत मात्र... पार आंधळा."

मी पाऊस थांबेपर्यंत म्हणून थांबले. पाऊस थांबला, तरी आम्ही उभेच.

मी एकेक शब्द सांगत गेले. स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे आडवं पडलेलं, वीतभर लांबीचं इंद्रिय. अन्न पचवणारा रस तेच करतं, रक्तातली साखरही तेच सांभाळतं. त्याच्या रुंद टोकातून पित्ताची नळी जाते. तिथंच गाठ झाली, नळी दाबली गेली, पित्त पुढं जाईना म्हणून रक्तात उतरलं. डोळे पिवळे झाले ते त्यामुळं.

"म्हणजे कावीळ खरीच आहे?"

"खरी आहे. पण ती दुखणं नव्हे, दुखण्याची खूण आहे."

"आणि स्टेंट?"

"बारीक नळी. दाबलेल्या जागी आतून घालतात, वाट उघडी राहावी म्हणून."

त्यानं यादीतल्या प्रत्येक शब्दापुढं माझे शब्द लिहून घेतले, शाळेतल्या पोरासारखे. शेवटचा शब्द राहिला. मेटास्टॅसिस. मी तोही सांगितला, जमेल तितक्या हळू. त्यानं तो लिहिला नाही. पेन खिशाला लावलं.

त्यानंतर तो दर मंगळवारी येऊ लागला. त्या दिवशी त्याच्या आईला वरच्या मजल्यावर केमो असायची, दोन-तीन तास सलाइन चालायचं. माझ्या चहाच्या सुट्टीत आम्ही जिन्यात बसायचो. शब्द आठवड्याला एखादाच असायचा. बाकी वेळ... काय बोलायचो आम्ही? काहीबाही.

"हृदय नक्की कुठं असतं हो?" एकदा त्यानं विचारलं.

"छातीच्या मधोमध. जरासं डावीकडं कललेलं. लोक दाखवतात तितकं डावीकडं नसतं."

"अरेच्चा! म्हणजे आजवर मी भलतीकडेच हात ठेवत होतो."

"कशाला ठेवत होता?"

"खरं बोलताना."

"आणि आता काय खरं बोलायचंय?"

त्याचे कान लाल झाले. "आता जागा कळली... तर धीर होईना," तो म्हणाला, आणि चहाचा रिकामाच कप तोंडाला लावला.

मी त्या रात्री घरी जाऊन आरशासमोर छातीच्या मधोमध हात ठेवून बघितला. वेडीच!

पण पुढच्या मंगळवारी तो हसला नाही. "एक मागणं आहे. आईला आम्ही सांगितलेलं नाही. कावीळ आहे, सलाइननं उतरेल, असं सांगितलंय. तिनं कधी तुम्हाला गाठलं, तर तुम्हीही कावीळच सांगा. एवढं कराल?"

मी होय म्हटलं. त्याच्या डोळ्यांकडं बघून दुसरं काय म्हणणार होते? पण मला माझे बाबा आठवले. शेवटच्या महिन्यात ते रोज विचारायचे, "मी बरा होतोय ना गं?" आणि मी रोज होय म्हणायचे. शेवटी शेवटी त्यांनी विचारणंच सोडलं. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. आम्ही दोघं एका खोलीत, आणि दोघंही एकेकटे.

त्याच्या आईनं मला गाठलंच. दुसऱ्या स्कॅनच्या दिवशी तो औषधं आणायला गेला होता. खिडकीसमोर एक किरकोळ बाई येऊन उभी राहिली. केस गेलेले, डोक्याला रुमाल बांधलेला, गळ्यात मात्र मापाची टेप तशीच.

"तूच ना गं ती, सगळं सोपं करून सांगणारी? घरी तुझंच पुराण असतं."

माझे गाल तापले. "बसा ना, मावशी."

"बसायला वेळ नाही, तो येईल. वर डॉक्टर म्हणाले ते मेटास्टॅसिस म्हणजे काय?"



"डॉक्टरांना विचारा, मावशी..."

"विचारलं. ते माझ्या मुलाकडं बघतात. मुलगा भिंतीकडं बघतो. हे बघ बाळ, मी शिवणकाम करते. लोकांचे अकरा कपडे कापून पडलेत माझ्याकडं. त्या सलाइननंतर चार दिवस सुईत दोरा ओवत नाही. बरी होणार असेन, तर हे सगळं सोसते. नसेन होणार... तर हात चालतोय तोवर मला माझ्या मशीनवर बसायचंय. ते मी ठरवायचं की नाही?"

कावीळ. एवढा एकच शब्द उच्चारायचा होता. जिभेवर आलाही होता.

"मेटास्टॅसिस म्हणजे मूळ जागेवरून निघून दुसरीकडं जाऊन रुजणं," मी म्हटलं. "पोटात मागच्या बाजूला सुरू झालं. आता यकृतात आहे."

"कॅन्सर."

"हो."

"जायचा नाही?"

"नाही, मावशी. त्रास कमी ठेवता येतो."

त्यांनी गळ्यातली टेप काढली, बोटांभोवती घट्ट गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "किती दिवस?"

"ते मला खरंच माहीत नाही. डॉक्टरांना विचारा, मला विचारलंत तसं. सरळ."

"बरं केलंस हो," त्या म्हणाल्या. आवाज कापला नाही, पण जिन्याची पायरी चढताना त्यांचा पाय चुकला.

दुसऱ्या दिवशी तो आला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"एक शब्द मागितला होता तुमच्याकडं. कावीळ. तेवढासुद्धा देववला नाही?"

"त्यांनी सरळ विचारलं हो. मला खोटं..."

"ती काल रात्रभर जागी होती. उद्यापासून सलाइन बंद म्हणते. तुमचं खरं बोलून झालं. आता तिला मरताना मी बघायचं!"

रांगेतले सगळे वळून बघत होते. संध्याकाळपर्यंत सेंटरच्या मोठ्या मॅडमकडं गोष्ट गेली आणि मला खिडकीवरून काढून आतल्या खोलीत बसवलं. तिथं खिडकी नव्हती, माणसंही नव्हती. फक्त शब्द होते. मंगळवार यायचे. चहाच्या सुट्टीत मी जागेवरून उठायचे नाही.

दीड महिन्यानं तो आतल्या खोलीच्या दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, नजर जमिनीवर.

"आईनं बोलावलंय. रविवारी." मग म्हणाला, "मीही."

दोन खोल्यांचं घर. एकीकडं तांब्याच्या तारेची रिळं, दुसरीकडं शिवणयंत्र. अकरापैकी दहा कपडे लोकांच्या घरी गेले होते. पोटात पाणी साठून मावशींचं पोट ताणलं होतं, पाय सुजले होते, हात काडीसारखे. पण मला बघताच त्यांनी टेप उचलली.

"उभी राहा नीट. अंदाज घेऊ दे. शिवणं काही व्हायचं नाही आता, पण माप घेतल्याशिवाय मला माणूस कळत नाही."

त्या आकडे सांगत गेल्या आणि तो वहीत लिहीत गेला. खांदा. बाही. मग टेप माझ्या काखेखालून फिरली. "मुंढा साडेपंधरा. याला तुमच्यात काय म्हणतात गं?"

"ॲक्सिला."

"शी! मुंढाच बरा."

तिघंही हसलो. हसता हसता त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली, आणि त्यानं लिहिलेला आकडा चुकला. आईनं न बघता त्याला टपली मारली. "साडेपंधरा म्हटलं मी. लक्ष कुठंय?"

निघताना तो गल्लीच्या टोकापर्यंत आला. "मी तुम्हाला नको ते बोललो," तो म्हणाला. "ती आता माझ्याशी बोलते. सगळं बोलते. बाबांचं, तिच्या लहानपणाचं, माझं पुढं कसं होणार त्याचं. आधी आम्ही फक्त औषधांच्या वेळा बोलत होतो."

पुढचे सगळे रविवार मी तिथंच होते. फार नव्हते... तीनच.

चौथ्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी त्याचा फोन आला. "श्वास थांबतोय. मग परत येतोय. हे काय आहे?"

मी पोचले तेव्हा तो उशाशी बसला होता. मी मावशींचा दुसरा हात धरला. "शेवटी असा होतो श्वास," मी त्याला सांगितलं. "मेंदूची श्वासावरची पकड सुटत जाते. बघणाऱ्याला भीती वाटते, पण त्यांना गुदमरल्यासारखं होत नसतं. चेहरा बघा ना. कपाळावर आठी नाही."

"ऐकू येत असेल?"

"बहुतेक येत असेल. बोला."

तो बोलला. काय बोलला ते त्या दोघांचं आहे. दहाच्या सुमारास एक श्वास आला, आणि त्यापुढचा आलाच नाही.

बारा दिवसांनी मी कामावरून सुटून वर आले, तर तो जिन्यात बसलेला. हातात मृत्यूचा दाखला. त्यानं तो माझ्यापुढं केला. "कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट."

"हृदय आणि श्वास थांबले."

"ते तर सगळ्यांचंच थांबतं."

"हो."

 लोक बाजूनं वर-खाली जात होते. त्यानं दाखल्याची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"हा शेवटचा शब्द," तो म्हणाला. "आता माझ्याकडं यादी नाही. आजारी कुणी नाही. इथं यायला काही कारण उरलं नाही." त्यानं दाखला खिशात ठेवला. "तरी आलो तर... चालेल? मला तुम्ही हव्या आहात. सुखात राहू असं सांगायची ही वेळ नाही, आणि मला ते माहीतही नाही. पण माझं जे काही व्हायचं असेल, ते तुम्ही मला सांगावं. आणि तुमचं मी. कावीळ-बिवीळ न म्हणता."

मला 'या' म्हणायचं होतं. सहा महिने मी त्याला अहो-जाहोच करत आले होते. पण डोळे भरले होते, आणि तोंडून निघालं ते दुसरंच.

"ये."