शेषेरावच्या गाडीचे रॉकर

लाइट गेली ते बरंच झालं. ही गोष्ट अंधारातच सांगावी लागते. भुताची आहे म्हणून नव्हे. सांगणाऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून.

तारीख पक्की सांगतो. दहा जानेवारी एकोणीसशे शहाऐंशी, शुक्रवार. वेळ अमावस्या, रानात जाऊन लक्ष्मी पुजायचा दिवस. ज्याच्यावर गुदरली तो माणिकप्पा मिस्त्री माझ्या चांगल्या ओळखीचा.

लातूर जिल्हा तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. आधी पाट्या आल्या, मग शिक्के, मग साहेब आणि साहेबांमागून पांढऱ्या अँबेसेडर. पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवलेली. रब्बी पेरली ती उगवलीच नाही. टंचाईच्या बैठका मात्र जोरात चालत आणि बैठकीत प्रत्येकासमोर पाण्याचा ग्लास काठोकाठ भरलेला असे.

माणिकप्पाचं पत्र्याचं गॅरेज नांदेड रस्त्यावर होतं. बॉनेट न उघडता नुसता कान देऊन तो सांगायचा, "तिसऱ्याचा टॅपेट वाजून राहिला." उघडावं तर तिसऱ्याचाच. छातीचा ठोका ऐकून खरं सांगणारा गावात हा एकच, असं लोक म्हणत. डॉक्टरही म्हणत, पण हळू.

धानोऱ्याचा शेषेराव त्याचं जुनं गिऱ्हाईक. शेषेरावची काळी अँबेसेडर हैदराबादेहून आलेली. पंचक्रोशीतल्या नवऱ्या तिच्यातून सासरी जात आणि पुढच्या वर्षी त्याच गाडीतून दवाखान्यात. त्या डिसेंबरात ती खडखडायला लागली. माणिकप्पानं कान दिला आणि म्हणाला, "रॉकर गेले, दादा. आठच्या आठ."

तुम्हाला रॉकर माहीत नसतील. इंजिनाच्या डोक्यावर, झाकणाखाली, आठ लोखंडी बोटं असतात. एका दांड्यावर ओवलेली, ढेकीसारखी डोलणारी. खालून सळई एक टोक ढकलते, दुसरं टोक चोचीसारखं व्हॉल्व्ह दाबतं. कडक राहावी म्हणून त्या चोचीला पाणी दिलेलं असतं. (त्या वर्षी लातुरात लोखंडालाच काय ते पाणी मिळत होतं.) चोच झिजली की फट पडते. फट पडली की टकटक सुरू होते. फट वाढली की एखाद्या दिवशी सळई निसटते आणि गाडी बसते.

शेषेराव एसटीनं हैदराबादेला गेला. नव्या रॉकरचा डबा रुमालात बांधून, मांडीवर ठेवून परत आला. "आप्पा, लेकरावानी आणलेत बघ."

बुधवारी संध्याकाळी एका खात्याचा कारकून साहेबांची पांढरी गाडी घेऊन आला. खात्याचं नाव विचारू नका. तीच गाडी, तोच रोग. शनिवारी पहाटे साहेब दुष्काळ बघायला निघणार होते आणि खडखडणाऱ्या गाडीतून त्यांना दुष्काळ नीट दिसत नसे.

माणिकप्पा म्हणाला, "माल यायला आठ रोज लागतेत, भाऊसाहेब."

"मग हा डबा कशाचा?"

"शेषेरावचा हाय तो."

"शेषेराव कुठं दौऱ्यावर निघालाय? त्याचे जुनेच घासून बसव. आठ दिवस ओढतील, तोवर दुसरे मागव. साहेब खूश झाले तर खात्याच्या सगळ्या गाड्या तुझ्या दारात."

तो कारकून कोण, असं विचाराल. रोज दाढी करताना मला भेटतो.

माणिकप्पानं रात्री नवे रॉकर साहेबांच्या गाडीत बसवले. शेषेरावचे जुने सहाणेवर घासून गुळगुळीत केले आणि त्याच्याच गाडीत परत घातले. पाणी दिलेली साल नखाएवढी जाड असते; ती घासली की खाली मऊ लोखंड. हे त्याला ठाऊक होतं. माहीत असून केलं तर त्याला चूक म्हणत नाहीत. आपल्या ऑफिसात त्याला ‘ॲडजस्ट केलं’ म्हणतात.

आणखी एक. काढलेला जुना माल फडक्यात बांधून मालकाच्या हाती द्यायचा, हा मिस्त्री लोकांचा रिवाज आहे. काम झाल्याची ती पावती. माणिकप्पानं साहेबांच्या गाडीचे झिजलेले रॉकर शेषेरावच्या रुमालात बांधून ठेवले.

गुरुवारी शेषेराव गाडी न्यायला आला. सोबत त्याची आई, सरजाबाई. मोतीबिंदू दाखवायला आली होती. रुमाल सोडून शेषेराव म्हणाला, "बघ माय, कसे खाल्लेत." म्हातारीनं एकेक चोच बोटानं चाचपली.

"पोरा, तुझ्या हाताला गुण हाय," ती माणिकप्पाला म्हणाली. "उद्या ये धानोऱ्याला, रानातली भज्जी खायला."

"औंदा रानात काय हाय, काकू?"

"रान मोकळंच हाय. म्हणून काय कडब्याची कोप करायची न्हाई? लक्षुमी उपाशी बसवायची? मागल्या सालचा कडबा हाय की चार पेंढ्या."

माणिकप्पा हसला. मान वर न करता.

वेळ अमावस्येला आपल्याकडे गावात कोण राहतं? कुत्रीसुद्धा रानात जातात. त्या शुक्रवारीही, पीक असो-नसो, सगळे गेले. माणिकप्पा बायकोला, रुद्राणीला, घेऊन औशाकडं सासऱ्याच्या शेतात गेला. त्याला आंबिल कडू लागली. रुद्राणी माहेरी राहिली. पहाटे साहेबांची गाडी द्यायची म्हणून तो एकटा परतला आणि गॅरेजमध्येच बाजेवर पडला. गजराचं घड्याळ उशाशी. रस्त्यावर ना ट्रक, ना एसटी.

अकरा चाळीसला त्याचे डोळे उघडले.

लांबून गाडी येत होती. नांदेडच्या बाजूनं. टक... टक... टक...

अँबेसेडर. त्यानं सवयीनं कान दिला. आठही वाजत होते. सहाणेवर घासलेल्या लोखंडाचा आवाज बसका येतो. तो आवाज जगात एकाच गाडीचा होता.

शेषेराव आला, त्याला वाटलं. रॉकरचं कळलं त्याला.

गाडी दारापुढं थांबली. इंजिन चालूच. पत्र्याला खिळ्यांची शंभर भोकं होती. दिव्याचा उजेड आत यायला हवा होता.

आला नाही.

टक... टक... टक...

"माणिकप्पा."

बाईचा आवाज. म्हातारा.

"माणिकप्पा, उठ की बाबा. पोरगं खोळंबलंय."

त्यानं गोधडी डोक्यावरून घेतली. भीती अजून शिवली नव्हती. त्याला एवढंच दिसत होतं, की दार उघडलं तर बॉनेट उघडावं लागेल, झाकण काढावं लागेल आणि म्हातारी वाकून बघेल. त्यानं श्वास धरला. आपण घरात नाही, असं केलं.

"आत हायेस तू... ठावं हाय मला."

त्यानं गोधडीची कड दातांत धरली.

"बरं."

आणि टकटक थांबली. इंजिन बंद केल्यावर गाडी एकदा हुंदका देते. हिनं दिला नाही. गेल्याचा आवाज नाही. चाक फिरल्याचा नाही. नुसतं... काहीच नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून त्यानं दार ढकललं.

रस्ता रिकामा. अमावस्येचा काळोख. समोर पांढरी गाडी तेवढी मुकाट उभी.

भीतीनं माणूस आत पळाला असता. माणिकप्पाला बाहेर काढलं ते शरमेनं. त्यानं पान्यांची पिशवी लुनाला अडकवली आणि नांदेड रस्त्याला लागला. आडबाजूच्या रानांत विझत आलेले टेंभे दिसत होते. माणूस एक दिसला नाही.

आष्टामोडच्या फाट्याअलीकडं काळी अँबेसेडर उभी होती. दिवे गेलेले. मागचं दार उघडं. शेषेराव आत बसला होता, आईचं डोकं मांडीवर घेऊन.

लुनाचा उजेड तोंडावर पडला तेव्हा त्यानं डोळे बारीक केले. "कोण? आप्पा?"

"व्हय, दादा."

"तुला... कुणी सांगितलं?"

माणिकप्पानं लुना स्टँडवर लावली.

"सांजच्याला छातीत कळ आली तिच्या," शेषेराव म्हणाला. "म्हणलं, लातूरला नेतो. इथवर आलो अन् गाडी फटफटली, बसली. आज रस्त्याला कोण असतंय? कुणी आलंच न्हाई. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली."

"काकू..."

"म्हणाली, तू बस, शेषा. मी माणिकप्पाला घेऊन येते." शेषेरावनं मनगट उजेडात धरलं. "एवढं बोलली अन् मान टाकली. घड्याळ बघितलं म्या. अकरा चाळीस."

लांब कुठंतरी टिटवी ओरडली. 

माणिकप्पा रस्त्यावर बसला. धुळीतच.

"दादा, या गाडीत तुझे रॉकर न्हाईत."

"म्हंजे?"

"साहेबाच्या गाडीत घातले. तुझे जुनेच घासून बसवलेत. रुमालात दिले ते... ते साहेबाचे होते." मग तो तेही बोलला. "अन् काकू आली होती. दारात. म्या उघडलं न्हाई."

शेषेरावनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मारलं असतं तर फारच बरं. त्यानं आईचं डोकं हळूच सीटवर ठेवलं, पदर सारखा केला, खाली उतरला.

"उघड," तो म्हणाला. "मला बघू दे."

बॉनेट वर झालं. शेषेरावनं गाडीतला टॉर्च धरला. झाकणाच्या नटांवर दोन दिवसांची धूळ तशीच चिकटलेली. हात लावल्याची खूण नाही. माणिकप्पानं पाना लावला. नट निघाले. झाकण उचललं.

सळया निसटलेल्या असणार, हे तो धरून चालला होता. आठही जागेवर होत्या. चोची मात्र खड्डा पडेपर्यंत झिजलेल्या. बोट जाईल एवढ्या फटी...

फटी रिकाम्या नव्हत्या.

प्रत्येक चोचीखाली काहीतरी सारलेलं होतं. बारीक घडी करून. फट बरोबर भरेल एवढीच, ना कमी ना जास्त. एखाद्यानं चाचपून, चाचपून, मापानं घातल्यासारखी.

"तू घातलंस, दादा?"

"मी बॉनेटच उघडलं न्हाई, आप्पा. पाना कुठाय माझ्यापाशी?"

माणिकप्पानं नखानं एक घडी ओढली. उजेडात धरली. उलगडली.

ज्वारीचं पान. कोवळं. तेलाचा डाग नाही, धगीचा चट्टा नाही.

त्या साली नांदेडपासून लातूरपर्यंत ज्वारीचं एक ताट हिरवं नव्हतं. हे मी सांगतो असं नाही. पंचनामे आम्हीच लिहिले होते.

माणिकप्पानं पान चिमटीत दाबलं. बोटांना ओल लागली.