टाकी कोण खरवडतंय?

ही घटना मी स्वतः पाहिली आहे. ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं, फक्त माझ्यासमोर हसू नये.

१९८१चा पितृपक्ष. भर दुपार. भंडाऱ्याजवळच्या शहापुरात, हायवेला लागून मधुकररावांचा लोखंडी कपाटांचा कारखाना होता. मी तिथे रंग मारायचो.

रंगाआधी पत्रा फॉस्फेटच्या गरम टाकीत बुडवावा लागतो, नाहीतर रंगाखाली गंज धरतो. टाकीच्या तळाशी पांढरा गाळ साचतो. टाकी रिकामी करून, पूर्ण थंड होऊ देऊन मगच तो खरवडायचा.

मालकाला एवढा दम कुठला?

उन्हाळ्यात, लग्नसराईच्या घाईत, त्याने आमच्यातल्या सुखरामला तापलेल्या टाकीत उतरवलं. आत वाफ कोंडलेली. सुखरामला आम्हीच वर काढलं...

मेलेला.

मालकाने गावभर सांगितलं, सुखराम दारू पिऊन पडला. तो माणूस दारूला शिवत नव्हता! आम्ही ओरडून सांगितलं. कोण ऐकतो?

त्या दुपारी माझ्या मोठ्या भावाची, कवडूची पाळी होती. टाकी रिकामी केली होती, पण हात लावला तर चटका बसत होता.

"उतर बे," मालक म्हणाला.

तेवढ्यात सुखरामची बायको निर्मलाबाई आली. हातात पितराचं ताट.

"माहा माणूस इथंच गेला. त्याचं ताट इथंच ठेवीन."

"तो पिऊन मेला. उचल ते!"

अचानक बाहेरचे कावळे गप्प झाले. सगळेच...

खर्र...

आवाज टाकीतून आला.

खर्र... खर्र...

कवडू माझ्या शेजारी उभा होता. मी वाकून पाहिलं. टाकीत कोणी नव्हतं. गाळावर मात्र ओरखडे उमटत होते...

निर्मलाबाई भडकली. टाकीवरच.

"मेल्यावरबी याचंच काम करून राहिले तुमी? कायले? जे सांगाचं ते याले सांगा न!"

आवाज थांबला.

"भेकड साले! उंदीर असंन," म्हणत मालक स्वतःच शिडीने उतरला.

थोड्या वेळाने आतून त्याचा आवाज आला. हळू. "हो... हो..."

समोरून कोण काय बोलत होतं, ते ऐकू आलं नाही.

वर आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"सुखराम पिऊन नव्हता," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "मीच उतरवलं त्याले."

कवडूला त्या दिवशी उतरावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी टाकी थंड झाल्यावर तो उतरला आणि लगेच वर आला. तळ लख्ख होता. इतका गाळ कुठे गेला, मला आजही कळत नाही. विचार केला की अंगावर काटा येतो, आणि त्याहून जास्त राग येतो.

कवडूने निर्मलाबाईला टाकीपाशी बोलावून हे सांगितलं. ती मटकन खाली बसली.

"मेल्यावर त घडीभर बसाचं होतं न जी," ती टाकीकडे बघून म्हणाली.