बुधवारचे फिकट रंग

रंग खरा की खोटा, ते उन्हात कळतं. दिव्याखाली सगळेच रंग गोड बोलतात. म्हणून कापड रंगवायच्या कारखान्यात नवा रंग तयार झाला, की शाई नावाची मुलगी ओल्या कापडाचा तुकडा दोन्ही हातांनी उंच धरून मागच्या दारातून बाहेर यायची आणि मान वर करून, प्रकाश नीट पडेपर्यंत उलट्या पावलांनी मागे मागे सरकायची. त्या बाजूला सांडपाण्याच्या पाटाशिवाय कुणी नसायचं. त्या दिवशी होतं.

आधी धक्का लागला, मग "अहो, अहो—" असं ऐकू आलं, आणि मग छपाक्!

शाई वळली. पाटाच्या काठावर उकिडवा बसलेला एक तरुण आता एका पायाने पाटात उभा होता. हातातली काचेची बाटली मात्र त्यानं डोक्याच्याही वर धरली होती. आपण बुडालो तरी चालेल, बाटली वाचली पाहिजे, असा एकूण आव. पाटातून डाळिंबी रंगाचं पाणी वाहत होतं.

"लागलं का हो?"

"नाही," तो पायाकडे बघत म्हणाला. "रंगलो फक्त."

शाईला हसू आवरेना. "थांबा, पाणी आणते. टॉवेल आणते. चहा तरी घ्या तोवर…"

"नको. काहीच नको."

"अहो, पण पाय—"

"तुमच्याकडचं काही घेता येत नाही मला. पाणीसुद्धा नाही." त्यानं बाटली दाखवली. "मी सरकारकडून तुमचं पाणी तपासायला आलोय."

त्यानं पिशवीतून स्वतःचं प्यायचं पाणी काढलं आणि पाय धुतला. मोजा काही धुतला गेला नाही. एक पाय पांढरा, एक डाळिंबी, अशा थाटात साहेब फाटकाकडे निघाले. फाटकाशी त्यानं एकदा मागे वळून बघितलं. शाई अजून कापड उंच धरूनच उभी होती, आणि रंग बघायचा राहून गेला होता.

शाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणापासून बोटं कायम रंगलेली, म्हणून आत्यानं पाडलेलं नाव. कारखाना आत्याचा. आत्या बोलायला तिखट आणि हिशेबाला पक्की. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं हा डोलारा उभा ठेवला होता आणि चाळीस घरांच्या चुली त्यावर पेटत होत्या. शाईचं काम रंग जुळवायचं. गिऱ्हाईक बटण आणो, पक्ष्याचं पीस आणो, नाहीतर पेनाचं टोपण, दुपारपर्यंत कापडावर तोच रंग उतरलेला असायचा. असा डोळा आसपासच्या कुठल्याही कारखान्यात नव्हता.

तो दर बुधवारी यायला लागला. कामगारांनी लगेच त्याचं बारसं केलं: बाटलीवाले साहेब.

"भरदिवसा बाटली घेऊन हिंडणारा हा पहिलाच सज्जन बघितला मी," आत्या म्हणाली.

शाई बुधवारी दोन कप चहा घेऊन मागच्या दारी यायची. तो आपल्या थर्मासमधला चहा ओतायचा. ती आपला कप प्यायची, आणि दुसरा कप दोघांच्या मध्ये, पायरीवर, निवत बसायचा.

"दर वेळी कशाला आणता? मी घेणार नाही, माहीत आहे तुम्हाला."

"तुमच्यासाठी कुठे आणते? पाटाला घालते."

"घालू नका हं! नमुना बिघडेल."

"मग प्या."

"तुम्ही माझी नोकरी घालवणार."

"चहासाठी गेली तर चांगलीच गेली म्हणायची…"

तो हसला की आधी डोळे बारीक व्हायचे, हसू मागाहून यायचं. शाई त्या मधल्या क्षणाची आठवडाभर वाट बघायची.

एकदा तो सहज म्हणाला, "काल तुम्ही जांभळा रंग केलात ना?"

"तुम्हाला काय माहीत?"

"कळतं मला."

शाईनं हळूच हात बघितले. नखांच्या कडांना जांभळी रेघ होती. म्हणजे हा माणूस आपली नखं बघतो! तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. त्या आठवड्यापासून मंगळवारी संध्याकाळी तिनं नखं घासणं बंद केलं.

पण एका बुधवारी कारखान्यात काळ्या कापडाचे तागे होते. त्यानं बाटली भरली, उन्हात उंच धरली, अगदी ती कापड धरते तशी, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. त्या दिवशी थर्मास पिशवीतून निघालाच नाही.

"हे असंच चाललं तर मला वर कळवावं लागेल," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता गेला.

शाईला कारखान्याची काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर त्या आठीची जास्त होती. कुठल्या दिवशी कुठला रंग घ्यायचा ते तिच्याच हातात होतं. मग तिनं बेत केला. बुधवारी फक्त फिकट रंग. लोणी, मोतिया, अगदी पुसट गुलाबी. गडद सगळे इतर दिवशी. पुढच्या बुधवारी पाटातून जवळजवळ स्वच्छ पाणी आलं. त्याचा चेहरा खुलला, आणि शाई दिवसभर तरंगत होती.

त्याच्या पुढच्या बुधवारी तो गप्प होता. त्याच्याही पुढच्या बुधवारी हसलाच नाही. "काल गर्द निळा होता," एवढंच म्हणाला. शाईनं लाजून बोटं मिटून घेतली.

आणि मग तो एका गुरुवारी आला.

पाटातून काळंनिळं पाणी धो धो चाललं होतं. शाई कापड घेऊन बाहेर आली, तर तो काठावर उभा. बाटली भरून झालेली.

"आज गुरुवार आहे," ती म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

"माहीत आहे. बुधवारी तुमचा पाट फार शहाण्यासारखा वागतो." तो थांबला. "हे कुणी ठरवलं? आत्यांनी?"

"मी."

"का?"

"तुम्ही बाटली वर धरता ना… तेव्हा तुमच्या कपाळावर आठी येते. मला ती बघवत नव्हती."

त्यानं बाटली खाली घेतली. "आणि बाकीच्या सहा दिवसांचं काय? हाच पाट आमच्या घरामागून जातो. खाली, पुलापलीकडे. संध्याकाळी मागच्या दारात उभं राहिलं, की कळतं मला, आज तुम्ही कुठला रंग केलात ते."

"म्हणजे… नखांवरून नव्हतं कळत?"

"नखांवरून?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं शाईला झालं.

"हा नमुना वर जाणार," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि यापुढे दुसरं कुणीतरी येईल. इथलं काम आता माझ्याच्यानं होणार नाही."

"रागावलात?"

त्यानं बाटलीचं आधीच घट्ट असलेलं झाकण पुन्हा घट्ट केलं… आणि गेला.

रविवारी शाई पाटाच्या कडेकडेनं चालत पूल ओलांडून गेली. त्याचं घर तिला माहीत नव्हतं. विचारायचं धाडसही नव्हतं. एका मागच्या दारी एक बाई कपडे वाळत घालत होती. दोरीवर सगळे कपडे गडद. शाईचा डोळाच तसला, तिच्यानं राहवेना.

"पांढरं काही वापरत नाही का तुम्ही?"

"पांढरं इथे पांढरं राहतंय कुठे, बाई? विहिरीतच रंग उतरलाय. वरच्या कारखान्यांची कृपा." बाईनं तिला निरखलं. "उन्हात आलीस. बस, चहा घे. घाबरू नकोस, प्यायचं पाणी विकतचं आहे."

चहा चांगला होता, पण कप अर्ध्यावरच राहिला. समोरून पाट चालला होता. डाळिंबी. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, पण तिला कळलं, हा तिचाच रंग. कित्येकदा उन्हात धरून, किंचित तपकिरी वाढवून जुळवलेला, आणि तिला फार अभिमान होता त्याचा. पाण्यावर तो भयंकर दिसत होता.

"माझा मुलगा हे पाणी तपासायच्या सरकारी खात्यात आहे," बाई सांगत होती. "रोज संध्याकाळी इथे उभा राहून रंग ओळखतो. आधी या पाटाला शिव्या घालायचा. हल्ली काय झालंय कोण जाणे, नुसता बघत बसतो… जेवायला दहा हाका माराव्या लागतात."

शाईनं कप खाली ठेवला. आपण कोण ते न सांगताच ती निघाली. पुलावर आल्यावर मात्र तिला रडू आलं.

घरी आल्याआल्या तिनं आत्याला गाठलं. "पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवायचं, आत्या."

"शेजारचे दोघं कारखानेवाले असंच पाणी सोडतात. मी एकटीनं शहाणपणा केला, तर माझं कापड महाग होईल आणि गिऱ्हाईक कुंपणावरून उडी मारून त्यांच्याकडे जाईल. चाळीस घरं कुणाच्या दारात उभी करू?"

"मग तिघं मिळून एकच यंत्र बसवा. तिघांचं कापड सारखंच महाग होईल."

"ते दोघं माझं तोंडसुद्धा बघत नाहीत."

"मग तू जा त्यांचं बघायला. तोवर मी गडद रंग जुळवणार नाही."

आत्यानं चष्मा काढला. "तू त्या बाटलीवाल्याच्या प्रेमात पडलीस."

"पडलेय. पण तो आता येणार नाही. तेव्हा हे मी त्याच्यासाठी मागतेय असं समजू नकोस. त्या विहिरीत माझा रंग आहे, आत्या."

आत्या बराच वेळ पुटपुटत होती. "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. इथे मासाच शिल्लक नाही, तर वैर तरी कुणाशी करायचं…" दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या फाटकात शिरली. तेवढ्यात त्या गुरुवारच्या नमुन्याची नोटीसही आली. खाली पाट एकच, म्हणून ती तिघांनाही लागू होती, त्यामुळे तोंडं बघणं भागच पडलं.

पुढचे महिने ओढाताणीचे गेले. जागा कुणी द्यायची यावरून तिघं मालक हातघाईवर आले. आत्यानं गाडी विकली, पण एकाही कामगाराला घरी बसवलं नाही. तिनं गिऱ्हाइकांना सरळ सांगितलं, पाणी धुऊन सोडणार आहोत, दर वाढणार. सर्वांत मोठं गिऱ्हाईक तडक उठून गेलं. एका छोट्या दुकानाच्या मालकीणबाईंनी मात्र दुकानात तशी पाटीच लावली, आणि लोक मुद्दाम तेच कापड मागायला लागले. गेलेल्या गिऱ्हाइकाचं नुकसान भरून निघालं नाही, पण कारखाना तगला.

शाई फिकट रंग जुळवत राहिली. बुधवारी एक जाडजूड बाई नमुना घ्यायला यायच्या, चष्मा गळ्यात आणि आवाज खणखणीत. शाई सवयीनं दोन कप घेऊन बाहेर यायची आणि दारातच थबकायची. तिला त्याची आठवण यायची. साध्या शब्दांत सांगायचं, तर फार यायची. मोतिया रंग उन्हात धरला तरी तिला त्याचा डाळिंबी मोजा दिसायचा.

शेवटी तिनं विचारलंच. "आधीचे साहेब… बरे आहेत ना?"

"बरे आहेत की. त्यांनी स्वतःहूनच तुमचा कारखाना सोडला. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, तिथे माझा डोळा सरळ राहत नाही."

हा राग म्हणायचा की आणखी काही? शाई ते वाक्य आठवडाभर उलटसुलट करून बघत राहिली.

यंत्र सुरू झालं. टाक्यांमधून गाळून, निवळून पाणी पाटात आलं, आणि त्या बाईंनी बाटली उन्हात धरून मान हलवली. गडद रंग पुन्हा सुरू झाले. सगळे खूश होते. शाई पण होती, लोकांसमोर.

मग एक दिवस तो आला. पुढच्या फाटकातून, मोकळ्या हातांनी. शाई मागच्या पायरीवर सवयीनं दोन कप घेऊन बसली होती.

"आज बाटली नाही?" तिचा आवाज जरा कापला.

"नाही. थर्मासही नाही."

"मग कशाला आलात?"

"चहा राहिला होता."

"इतके महिने लागले चहाला यायला?"

"आधी आलो असतो, तर लोक म्हणाले असते, कारखान्यानं साहेबाला फितवलं. तुम्ही केलेलं सगळं वाया गेलं असतं."

"आणि राग?"

"तो गुरुवारीच गेला. पुलापर्यंतसुद्धा टिकला नाही." तो पायरीवर बसला. "त्या रविवारी आईनं सांगितलं, एक मुलगी आली होती, चहा अर्धा टाकून गेली, नखं डाळिंबी होती. त्या रात्री मी जेवलोच नाही."

शाई खाली बघत राहिली. "मग आज का आलात?"

"आईनं काल पांढरी चादर वाळत घातली. सगळी गल्ली बघायला आली होती. सगळे आनंदात आहेत, मी सोडून." तो अडखळला. "संध्याकाळी दारात उभा राहतो… आणि नुसतं पाणी जातं. आज तुम्ही काय केलंत, गडद की फिकट… काही कळत नाही. तुमची काही खबरच येत नाही हो. मला नाही करमत."

शाईनं दोन्ही हात त्याच्यापुढे पालथे धरले. "ओळखा."

त्यानं तिची बोटं हातात घेतली आणि उठला. "उन्हात बघायला हवं," म्हणत तो तिच्याकडे बघतच उलट्या पावलांनी मागे मागे सरकू लागला.

"अहो, मागे पाट आहे!"

"असू दे. आता रंगत नाही मी."

"बघू या," शाई म्हणाली, आणि तिनं त्याची बोटं घट्ट धरली.

दुसरा कप तोवर पार निवला होता. त्यानं तो तसाच, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.